१९७५ची सेस्ना १७२एम घ्यावी का? जुनं इंजिन, खारी हवा, सल्ला हवा

दक्षिणवारा

मंडळी नमस्कार. मुक्काम ह्यूस्टन, प्रायव्हेट पायलट लायसन्स आहे, ग्रीन कार्ड आहे. एक जुनं विमान बघून ठेवलंय, त्याची कुंडली अशी:

१९७५ची सेस्ना १७२एम, एअरफ्रेम ५२०० तास. इंजिन लायकमिंग ओ-३२०-ई२डी, १५० हॉर्सपॉवर. २००४ साली ओव्हरहॉल, त्यानंतर ११५० तास. गेल्या सहा वर्षांत मात्र मिळून ७० तासच उडालंय. गॅल्व्हेस्टनच्या बाजूला उघड्यावर बांधलेलं असतं. मागच्या अ‍ॅन्युअलचं (वार्षिक तपासणीचं) चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन ७६, ७४, ७७, ७२. लॉगबुकं पहिल्या दिवसापासूनची आहेत. एडीएस-बी आउट (विमानाची जागा आपोआप कळवणारं यंत्र) बसवलेलं आहे, बाकी रेडिओ जुनेच.

विक्रेत्याचं म्हणणं, टीबीओ (दोन ओव्हरहॉलमधला काळ) २००० तासांचा, म्हणजे अजून ८५० तास शिल्लक. किंमतही त्याच हिशोबाने लावली आहे. हा हिशोब धरावा का? प्री-बायमध्ये (घेण्याआधीच्या तपासणीत) मेकॅनिकला नेमकं काय बघायला सांगू? कुठली कामं घरच्या घरी करता येतात? आणि एक मित्र निम्म्या भागीदारीत यायला तयार आहे, तो एच-१बीवर आहे. त्यात काही अडचण?

---

पाना_पक्कड

८५० तास शिल्लक हा हिशोब विक्रेत्याच्या सोयीचा आहे. लायकमिंगच्या कागदात २००० तासांच्या जोडीला १२ वर्षंही लिहिलेली आहेत, म्हणजे मुदत २०१६लाच संपली. एफएएच्या (अमेरिकी विमान नियामकाच्या) पार्ट ९१ या नियमांखाली खासगी वापरासाठी ही मुदत बंधनकारक नाही, इंजिनाची तब्येत ठीक आहे तोवर खुशाल चालवा. पण मग उरलेल्या तासांवर पैसे मागण्यात अर्थ नाही.

माझं लक्ष गेलं ते सहा वर्षांत ७० तास या आकड्याकडे. या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसतो आणि त्याला तेल मिळतं ते मुख्यतः उडणाऱ्या शिंतोड्यांचं. इंजिन थांबलं की तेल खाली निथळतं, लोबवर (कॅमच्या उंचवट्यांवर) उरलेला पातळ थरही काही आठवड्यांत जातो. त्यात तिकडची दमट, खारी हवा. लोबवर आणि टॅपेटच्या (लोबवर टेकून व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागाच्या) तोंडावर गंजाचे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. उभ्या विमानात ते कुणालाच कळत नाही. नवा मालक हौसेने उडवायला लागला की त्या खड्ड्यांपासून टॅपेटची साल निघू लागते आणि पोलादाचा चुरा तेलात येतो. इनटेकचा लोब आधी जातो, कारण समोरासमोरच्या दोन सिलिंडरांचे इनटेक टॅपेट एकाच लोबवर चालतात.

कॉम्प्रेशन टेस्टमध्ये यातलं काहीही दिसत नाही. ती रिंगा आणि व्हॉल्व्ह सांगते, कॅम नाही. तुमचे आकडे चांगले आहेत. लायकमिंग ८० पीएसआयला ६०पर्यंत चालवून घेतं आणि सिलिंडरांत १०पेक्षा जास्त फरक नसावा म्हणतं, इथे फरक ५चा आहे. फक्त टेस्ट गरम इंजिनावर झाली होती ना, ते विचारा. ७२वाल्या सिलिंडरची हवा कुठून जाते हे कानाने ऐकायचं: एक्झॉस्ट पाइपात फुसफुस म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरच्या तोंडाशी म्हणजे इनटेक, तेल भरायच्या नळीत म्हणजे रिंगा. रिंगांची थोडी गळती चालते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची असेल तर बोरस्कोप (आत बघायचा बारीक कॅमेरा) घालून व्हॉल्व्हचा चेहरा बघा. रंग मध्यापासून सगळीकडे सारखा असला की बरं. कडेला एकाच बाजूला वेगळी चंद्रकोर दिसली तर तो व्हॉल्व्ह जळायच्या वाटेवर आहे.

कॅमची परीक्षा तीन पायऱ्यांनी. आधी तेल काढून फिल्टर कापायचा, कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरायच्या आणि चुरा चुंबकाला लागतो का बघायचं. मग रॉकर कव्हरं काढून डायल इंडिकेटरने चारही सिलिंडरांची व्हॉल्व्ह लिफ्ट मोजायची आणि एकमेकांशी ताडायची. झिजलेला लोब कमी उचलतो. संशय आलाच तर एक सिलिंडर उतरवून कॅम डोळ्यांनी बघायचा. शेवटच्या पायरीला विक्रेते नाही म्हणतात आणि त्यांचंही चुकत नाही, परकं माणूस आपल्या इंजिनाचं सिलिंडर काढणार हे कुणाला आवडेल? पण मग इंजिन संपलेलं आहे असं धरूनच बोली लावायची. या इंजिनाचे टॅपेट मशरूमच्या आकाराचे, केस फोडल्याशिवाय बाहेर निघत नाहीत. एक टॅपेट सोललं तरी पूर्ण इंजिन खाली.

विक्रेता 'दर आठवड्याला स्टार्ट करून ठेवतो' असं कौतुकाने सांगत असेल तर उलट सावध व्हा. जमिनीवर दहा मिनिटं चालवल्याने ज्वलनातलं पाणी तेलात जातं आणि ते उडून जाण्याइतकं तेल तापतच नाही. लायकमिंगचं सांगणं स्पष्ट आहे: निदान ३० दिवसांतून एकदा सलग एक तास उड्डाण, तेल १६५ ते २०० फॅरनहाइट. नुसता प्रॉपेलर हाताने फिरवून ठेवण्याचाही उपयोग नाही, त्याने उरलासुरला थर पुसला जातो.

आता एअरफ्रेम. सीट रेल आधी. त्यावर एडी (एफएएचा बंधनकारक आदेश) आहे, २०११-१०-०९, दर १०० तासांनी किंवा १२ महिन्यांनी. पिन बसते ती भोकं झिजून लांबट होतात आणि टेकऑफला नाक वर झालं की सीट सरळ मागे घसरते, हातात योक (विमानाचं स्टिअरिंग) धरलेलाच असतो. भोक ०.४२ इंचाच्या पुढे गेलं की रेल बदलायची. मग पुढच्या दाराच्या खांबाचा खालचा भाग, जिथे विंग स्ट्रट येतो. तिथल्या भेगांसाठीही एडी आहे. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) खालच्या अंगाला सुरकुती दिसली तर कधीतरी नाकावर लँडिंग झालंय. तशा वेळी लॉगबुकात प्रॉप स्ट्राइकची (प्रॉपेलर कशाला तरी आपटल्याची) नोंद शोधा आणि एडी २००४-१०-१४चं काम झालंय का पाहा, त्यात क्रँकशाफ्टच्या मागच्या गिअरचा बोल्ट आणि डॉवेल तपासतात.

गंजासाठी कार्पेट उचला, बॅटरी बॉक्सखाली बघा, टेलकोनमध्ये (शेपटीकडच्या पोकळ भागात) टॉर्च घेऊन शिरा. पत्र्याला चिकटवलेलं जुनं इन्सुलेशन पाणी धरून ठेवतं, ते निघालं की खरा पत्रा दिसतो. एलेव्हेटरचा ट्रिम टॅब विसरू नका. त्यात फोम भरलेला असतो, तो ओला होतो आणि टॅब आतून खातो. रंगावर फोड दिसले की ओळखायचं.

मफलरचं हीट शील्ड उघडायलाच लावा. केबिनचा हीटर त्याच्यावरूनच हवा घेतो, चीर असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट आत.

---

कागदीघोडा

भागीदारीचं आधी सांगतो, कारण ते राहून गेलं तर बाकी सगळं फुकट. एन नंबरच्या (अमेरिकेत नोंदलेल्या) विमानाची नोंदणी अमेरिकन नागरिकाच्या किंवा कायम रहिवाशाच्या नावावर होते. ग्रीन कार्ड चालतं, एच-१बी चालत नाही. दोघांची नावं लावायची तर दोघेही पात्र हवेत, एक जरी अपात्र असला तरी अर्ज परत.

एलएलसी काढू असं कुणीतरी सुचवेलच. तिथे नियम आणखी कडक आहे: मतदानाचा ७५ टक्के हक्क आणि दोन तृतीयांश व्यवस्थापक अमेरिकन नागरिक हवेत, आणि या मोजणीत ग्रीन कार्डवाला नागरिक धरत नाहीत. म्हणजे तुम्ही एकट्याने नावावर घेऊ शकता, पण तुमच्याच दोघांची एलएलसी या नियमात बसत नाही. ट्रस्टचा रस्ता आहे, पण एका १७२साठी त्याची वार्षिक फी म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. मालकी एकट्याची ठेवा आणि मित्राचं नाव विमा पॉलिसीत पायलट म्हणून घाला.

पैसे देण्याआधी ओक्लाहोमा सिटीच्या एफएए रजिस्ट्रीतून टायटल सर्च करून घ्या. जुन्या विमानांवर कधीकाळच्या बँकेचा बोजा तसाच राहिलेला असतो, कर्ज फिटलेलं, कागद कुणी भरलेला नाही. तिथूनच विमानाची पूर्ण फाइलही मागवा. त्यात सगळे फॉर्म ३३७ (मोठ्या दुरुस्त्या आणि बदलांच्या नोंदी) येतात. ते हातात घेऊन विमानाभोवती फिरा: ऑटोपायलट आहे पण ३३७ नाही, जास्तीची अँटेना आहे पण लॉगबुकात नोंद नाही, असं काही निघालं तर ते निस्तरणं विकत घेतल्यावर तुमच्या गळ्यात. वजन-तोलाचा शेवटचा कागदही याच्याशी जुळायला हवा.

ट्रान्सपाँडरची तपासणी २४ महिन्यांच्या आतली हवी, ईएलटीची (अपघातानंतर संकेत पाठवणाऱ्या यंत्राची) १२ महिन्यांची, आणि ईएलटीच्या बॅटरीवर छापलेली तारीख बघा. एडीएस-बी नुसतं बसवलेलं असून भागत नाही. एखाद्या उड्डाणानंतर एफएएच्या साइटवर नंबर टाकला की परफॉर्मन्स रिपोर्ट फुकट मिळतो, लाल रकाना आला तर किमतीत धरा.

नाव बदलल्यावर पक्कं सर्टिफिकेट येईपर्यंत तात्पुरत्या परवानगीवर विमान अमेरिकेतच उडवता येतं. लगेच मेक्सिकोचा बेत आखू नका.

---

दक्षिणवारा

खूपच उपयोगी, आभारी आहे. आणखी दोन गोष्टी कळल्या. या इंजिनाला फिल्टर नाहीच, नुसती जाळी आहे. आणि त्याच किमतीत १९७८ची १७२एन मिळतेय, १६० हॉर्सपॉवर, आतून नवी कोरी. ती बघावी का?

---

पाना_पक्कड

एनमध्ये ओ-३२०-एच२एडी आहे. टॅपेट आणि कॅम खाण्यात ते इंजिन बदनाम. त्यासाठी लायकमिंगचं एलडब्ल्यू-१६७०२ हे ॲडिटिव्ह तेलात घालावं लागतं, किंवा ते आधीच मिसळलेलं तेल वापरायचं. त्यावर एडी आहे. दोन्ही मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारी यंत्रं) एकाच खोक्यात, एकाच दांड्यावर चालतात, म्हणजे दांडा गेला तर दोन्ही गेले. जमेची बाजू अशी की त्याचे टॅपेट केस न फोडता बाहेर येतात. नियमित उडालेलं एच२एडी उभ्या राहिलेल्या ई२डीपेक्षा केव्हाही बरं. त्याची लॉगबुकं मागवा आणि दर वर्षाचे तास काढून कागदावर मांडा. गादीचं कापड नंतर बघू.

जाळीचा अर्थ तेल दर २५ तासांनी. फिल्टर अडॅप्टर बसवलात की ५० तास, आणि दोन्हींत चार महिन्यांची मर्यादा. अडॅप्टर माझ्या मते पहिल्याच अ‍ॅन्युअलला बसवा. जाळीत मोठे तुकडे अडकतात, बारीक चुरा सुटतो, आणि कॅमची पहिली खबर त्या चुऱ्यातूनच मिळते.

प्री-बायबद्दल एक सांगायचं राहिलं. 'प्री-बायलाच अ‍ॅन्युअल करून टाकू' असा सल्ला मिळेल. लगेच हो म्हणू नका. अ‍ॅन्युअल सुरू झाली आणि आयएला (ही तपासणी करून सही करायचा अधिकार असलेल्या मेकॅनिकला) उडण्यालायक नसलेली गोष्ट सापडली तर ती यादी लेखी होते आणि विमान तिथेच अडकतं, मालक अजून दुसराच. आधी लेखी ठरवा: पहिल्या दोन तासांत फक्त लॉगबुकं, एडी, फिल्टर किंवा जाळी, बोरस्कोप आणि गंज. त्यात पास झालं तरच पुढे, आणि विक्रेत्याची सही घेऊन मगच त्याचं रूपांतर अ‍ॅन्युअलमध्ये. मेकॅनिक असा निवडा ज्याची सही या लॉगबुकांत आधी कुठेच नाही.

व्हॉल्व्ह गाइडची वॉबल टेस्ट (गाइडमध्ये व्हॉल्व्ह किती हलतो ते मोजणं) कधी झाली तेही शोधा, ती दर ४०० तासांनी करायची असते. सकाळी थंड स्टार्टला इंजिन मिनिटभर तीन पायांवर लंगडतं आणि मग सुधारतं, हे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकत असल्याचं लक्षण. शिशाचा आणि कार्बनचा थर असतो, वेळेत गाइड रीम (आतून घासून साफ) केलं तर सिलिंडर न काढता भागतं. दुर्लक्ष केलं तर पुशरॉड वाकतो.

---

उंटावरचा शहाणा

हाताने करायच्या कामांची यादी पार्ट ४३च्या परिशिष्ट अ मध्ये आहे. तेल, स्पार्क प्लग, टायर, बॅटरी, चाकांच्या बेअरिंगचं ग्रीस, दिवे, सेफ्टी वायर हे सगळं प्रायव्हेट लायसन्सवर मालकाला करता येतं. ब्रेकचे लायनिंग आणि व्हॅक्यूम पंप त्या यादीत नाहीत, तिथे मेकॅनिकची सही घ्या.

तेल: उड्डाण करून आल्यावर गरम असतानाच काढा, थंड तेल गाळ मागे ठेवतं. जाळ्या दोन आहेत. एक मागच्या बाजूला ॲक्सेसरी केसवर, दुसरी संपच्या बुडाशी. दुसरी विसरणारे बरेच, आणि मोठे तुकडे नेमके तिथेच सापडतात. फिल्टर बसवल्यावर सीएच४८११०-१ लागेल. रबराला डीसी-४ सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, १६ ते १८ फूट-पाउंड, मग ०.०३२ इंची सेफ्टी वायर, आणि वायरचा ताण आवळण्याच्या दिशेलाच हवा. संप ८ क्वार्टचा आहे, पण आठवा क्वार्ट ब्रीदरमधून विमानाच्या पोटावर येतो. ६ ते ७च्या मध्ये ठेवा. दमट किनाऱ्यावर, कमी उडणाऱ्या इंजिनाला मी गंजरोधक मिसळलेलं डब्ल्यू१०० प्लस किंवा १५डब्ल्यू-५० वापरायला सांगेन. साधं डब्ल्यू१०० रोज उडणाऱ्यांसाठी ठीक. सुरू केल्यावर ३० सेकंदांत प्रेशर चढलं नाही तर बंद.

प्लग आठ. काढल्यावर कुठला कुठून आला ते पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात लावून ठेवा. खालच्या प्लगांत शिशाचे मणी अडकतात, ते टोकदार सुळक्याने काढायचे. फट ०.०१६ ते ०.०२१ इंच. ओहममीटरने मधला रेझिस्टर मोजा, ५००० ओहमच्या वर गेला की फेकून द्या, दिसायला कितीही चांगला असो. हातातून फरशीवर पडलेला प्लगही फेका, आतली चिनी माती तडकलेली दिसत नाही. परत लावताना वरचा खाली, खालचा वर, आणि फायरिंग ऑर्डरमधल्या पुढच्या सिलिंडरला, म्हणजे १-३-२-४. चार सिलिंडरी इंजिनात एका जागी प्लगला कायम एकाच ध्रुवाची ठिणगी मिळते, म्हणून झीज एकाच टोकाला होते. ती वाटली जाते. दरवेळी नवी तांब्याची वॉशर. अँटी-सीझ पहिला आटा सोडून, अगदी बोटभर नव्हे, कणभर. ३५ फूट-पाउंड.

टायर पुढचा ५.००-५, ३१ पीएसआय, मागचे ६.००-६, २९. चाक दोन तुकड्यांचं असतं. बोल्ट सोडण्याआधी व्हॉल्व्हचा गाभा काढून हवा पूर्ण सोडा, नाहीतर तो अर्धा भाग माणसाचा जीव घेऊ शकतो. ब्रेकमध्ये लाल ५६०६ तेलच. मोटारीचं ब्रेक फ्लुइड घातलंत तर सगळी रबरी सिलं फुगून बाद. बॅटरी या वर्षीच्या एमला १२ व्होल्टची, २४ची नव्हे, ऑर्डर देताना बघा.

मॅग्नेटोला हात लावू नका. ५०० तासांची तपासणी झाली का एवढं लॉगमध्ये बघा. रनअपला (टेकऑफआधीच्या इंजिन-चाचणीत) १७०० आरपीएमवर एका बाजूने १२५पर्यंत घसरण चालते, दोन्हींतला फरक ५०च्या आत. किल्ली ऑफवर आणून इंजिन क्षणभर खरंच बंद पडतंय का हेही बघत जा, स्विचवर जुना एडी आहेच.

नोंद त्याच दिवशी करा: तारीख, टॅक (इंजिनाच्या तासांचा आकडा), काय केलं, काय वापरलं, सही, लायसन्सचा प्रकार आणि नंबर. अ‍ॅन्युअलला पॅनेल उघडणं, साफसफाई, ग्रीस असली कामं आयएच्या नजरेखाली स्वतः केलीत तर मजुरीचे तास वाचतात. आधी विचारून, सगळ्यांना मालक पायात आलेला चालत नाही.

---

हँगरवासी

महाराष्ट्रात फ्लाइंग स्कूलच्या १७२ बघणाऱ्याच्या नजरेतून. आमच्याकडे मालकाला असं काही करून सही करायची मुभा नाही, सगळं परवानाधारक एएमई (विमान देखभाल अभियंता) आणि मान्यताप्राप्त संस्थेकडून. बाकी पावसाळ्याचा दमटपणा तुमच्या गॅल्व्हेस्टनपेक्षा कमी नाही.

एसीएफ-५० किंवा करोजन-एक्स (गंजरोधक फवारे) पंखांत आणि टेलकोनमध्ये फवारून घ्या, पण गंज घासून काढल्यावर; वरून मारलं तर आतला खेळ चालूच राहतो. नंतर काही आठवडे रिव्हेटांच्या ओळीतून तेल ओघळत राहतं, ते शिवणीत शिरतंय याचीच ती खूण. रंग द्यायचा असेल तर आधी रंग, मग हे. ब्रेक डिस्क झाकून ठेवा.

महिन्याच्या वर उभं राहणार असेल तर वरचे प्लग काढून तिथे सिलिका जेलचे प्लग लावा, एक्झॉस्ट आणि ब्रीदरची तोंडं बंद करा आणि प्रॉपेलरला ठळक पाटी. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे.

कुंभारमाशी तुमच्याकडेही असेलच. डाव्या पंखाखाली स्ट्रटच्या मागे इंधन टाकीची व्हेंट नळी आहे, तिच्यात ती मातीचं घर करते. मग टाकीत हवा जात नाही आणि इंधनाचा प्रवाह मंदावतो. पिटो (वेग मोजणारी नळी) झाकणारे सगळेच, ही नळी मात्र राहून जाते.

---

दक्षिणवारा

मोगॅसबद्दल कुणी सांगेल का? पेट्रोल पंपावरचं चालतं असं वाचलं.

---

उंटावरचा शहाणा

ई२डीचं कॉम्प्रेशन ७:१ आहे आणि ते मुळात ८०/८७ ऑक्टेनसाठीच बनवलंय, त्यामुळे मोटारीचं पेट्रोल एसटीसी (अशा बदलाला एफएएची मान्यता) घेऊन चालतं. एसटीसीचा कागद, टाकीच्या तोंडाशी पाटी आणि लॉगबुकात नोंद, तिन्ही हवं. अट एकच, इथेनॉल अजिबात नको. परीक्षा सोपी: काचेच्या नळीत थोडं पाणी घ्या, पातळीवर खूण करा, वर पेट्रोल ओतून हलवा आणि थांबा. पाण्याची पातळी खुणेच्या वर गेली तर त्यात इथेनॉल आहे, ते पाण्यात उतरतं. प्रत्येक वेळी करा, पंपवाल्याच्या बोर्डावर विसंबू नका.

१००एलएलवरच (नेहमीच्या विमानाच्या पेट्रोलवरच) राहिलात तर त्यात जुन्या ८०/८७च्या चौपट शिसं असतं. टॅक्सी करताना मिक्श्चर इतकं ओढून (इंधनाचं प्रमाण कमी करून) ठेवा की चुकून पूर्ण थ्रॉटल दिला तर इंजिन अडखळेल. मग तसंच ठेवून टेकऑफला जाण्याची चूक होत नाही आणि खालचे प्लग स्वच्छ राहतात. तरीही तिथेच घाण जमत असेल तर खालच्या चार जागी आरईएम-३७बीवाय लावून बघा, त्यांचं टोक पुढे आलेलं असतं.